रेव्ह. रिचर्ड कॉब

ईस्ट इंडिया कंपनीचे अँग्लिकन धर्मगुरू. १७१४ साली ते मुंबईत आले, तेव्हा जेराल्ड ऑंजियर यांच्या कारकिर्दीत योजिलेले चर्च अपुरेच पडून होते व उपासना किल्ल्यातील एका दालनात होत असे. कॉब यांनी १७१५ साली प्रवचनातून आवाहन करून वर्गणी जमविली. गव्हर्नर चार्ल्स बून यांचे साहाय्य लाभले आणि २५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी, सेंट थॉमस चर्च उपासनेसाठी खुले झाले. किल्ल्याच्या वेशीस ‘चर्चगेट’ हे नाव यावरूनच पडले.

रविवार पाळण्याच्या प्रश्नावरून कौन्सिलशी तीव्र मतभेद होऊन कॉब यांना लवकरच सेवा सोडावी लागली. १७६६ साली त्यांनी चर्चच्या उभारणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १८३७ साली अँग्लिकन धर्मप्रांत स्थापन होऊन या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला.