अराजक: राजा नसलेलं गाव

मराठीत ‘अराजक’ कायम ‘माजतं’. ते नांदत नाही, रुजत नाही. मूळ शब्द मात्र साधा: अ-राजक, म्हणजे राजा नसलेलं. ग्रीक ‘अनार्खिया’ची फोडही तीच, ‘अन्’ म्हणजे नाही आणि ‘आर्खोस’ म्हणजे शास्ता. शब्दाला बट्टा लागला तो जुनाच. रामायणात दशरथ गेल्यावर राजाविना देशाचे हाल किती होतील, याचं लांबलचक वर्णन आहे. (सांगणारे सगळे दरबारीच, हेही खरं.) १८४० साली प्रूधाँ या फ्रेंच माणसाने हा शब्द बिरुदासारखा मिरवला. इंग्रज सरकारने १९१९च्या रौलट कायद्याच्या अधिकृत नावातच त्याचा गुन्हा करून टाकला.

आता गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा. ग्रामसभेत हात वर करून मतमोजणी होत नाही. सर्वांचं एकमत झालं तरच निर्णय, एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीला. वेळखाऊ प्रकार आहे खरा; पण हरलेली बाजू उरत नाही. २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी तोडलेला बांबू बाहेर न्यायचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आले, तेव्हा कुठे ते परवाना-पुस्तक ग्रामसभेला मिळालं.

याला ‘अराजक’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. व्युत्पत्तीची मात्र काहीच हरकत नसावी.