हिशेबात न बसलेले सात टक्के

वाकोल्याच्या दुकानात वडील रेडिओ दुरुस्त करत, तेव्हा सोल्डरिंग करताना ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्यात धरत. चिमटा उष्णता ओढून घेतो, नाहीतर 'एसी १२८' गेलाच! बाराव्या वर्षी मी चिमट्याशिवाय एक जोडला. ते रागावले नाहीत. जळका ट्रान्झिस्टर काढून डबीत टाकला. ती डबी माझ्याकडे आहे.

त्या पत्र्याच्या टोपीखाली जर्मेनियम असतं. त्याचा शोध १८८५ साली जर्मनीत, सॅक्सनीतल्या फ्रायबर्गजवळच्या चांदीच्या खाणीत सापडलेल्या एका खनिजापासून सुरू झाला. आल्बिन वाइसबाख यांनी त्याला 'अर्जिरोडाइट' नाव दिलं. ग्रीकमध्ये 'आर्जिरोस' म्हणजे चांदी. पृथक्करण क्लेमेन्स विंकलरकडे आलं. चांदी सुमारे ७५ टक्के, गंधक १७, थोडं लोह, पारा, जस्त. बेरीज ९३! पुन्हा केलं, तरी सातेक टक्के गायबच. दुसऱ्या कुणी प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिलं असतं. विंकलर महिनोन्‌महिने त्या तुटीमागे लागला आणि ६ फेब्रुवारी १८८६ रोजी त्यानं नवं मूलद्रव्य वेगळं केलं.

मेंडेलीव्हनं १८७१ मध्येच सिलिकॉनखालची जागा रिकामी ठेवून अणुभार ७२च्या आसपास सांगितला होता. नाव दिलं 'एका-सिलिकॉन'. हा 'एका' म्हणजे आपला संस्कृत 'एक'. शाळेत ही गोष्ट भविष्य खरं ठरल्यासारखी सांगतात. प्रत्यक्षात विंकलरला आधी ते अँटिमनीखालचं वाटलं, खुद्द मेंडेलीव्हला कॅडमियमखालचं. हा गोंधळ मला जास्त आवडतो.

धातू मिळवायला मात्र अर्जिरोडाइट पुरेना. चांदीचे आठ अणू, तेव्हा जर्मेनियमचा एक. आणि खनिजच दुर्मिळ. पुढे आजच्या नामिबियातल्या त्सुमेबच्या तांब्याच्या खाणीत 'जर्मेनाइट' हे दुसरं सल्फाइड मिळालं. तरी साठ वर्षं या धातूला फारसं काम नव्हतं. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमच्याच तुकड्यावर चालला, आणि भाव बदलला. मग उष्णता जास्त सोसणाऱ्या सिलिकॉननं त्याला रेडिओतून हुसकलं. आज जर्मेनियम येतं ते मुख्यतः जस्त गाळताना उरलेल्या मालातून आणि कोळशाच्या राखेतून. जातं फायबर केबलमध्ये आणि अवरक्त भिंगांमध्ये.

परवा डबीतला तो ट्रान्झिस्टर मल्टिमीटरला लावला. एका बाजूचा जोड पुरता गेलाय. दुसऱ्या बाजूला काटा हलला.