स्तुदेन इझ्वोरचं मडकं

पश्चिम बल्गेरियात सर्बियाच्या सीमेजवळ स्तुदेन इझ्वोर नावाचं छोटंसं गाव आहे. नावाचा अर्थ थंड पाण्याचा झरा. स्तामेन ग्रिगोरोव्ह या गावचा. जिनिव्हाला वैद्यकशास्त्र शिकायला गेलेल्या या तरुणाने घरचं दही मातीच्या मडक्यातून तिकडे नेलं. आदल्या दिवसाच्या दह्याचं चमचाभर विरजण लावून, पिढ्यानपिढ्या घरातल्या बायकांनी जपलेलं ते दही. १९०५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ग्रिगोरोव्हने त्यातला काडीच्या आकाराचा जीवाणू ओळखून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज औषधाच्या दुकानात ‘प्रोबायोटिक’ म्हणून मिळणाऱ्या गोष्टींचं एक मूळ त्या मडक्यात आहे.

दुसरं मूळ तान्ह्या बाळांच्या पोटात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिए यांना १८९९च्या सुमारास आईच्या दुधावरच्या बाळांच्या शीत इंग्रजी ‘वाय’सारखे फाटे फुटलेले जीवाणू विपुल दिसले. हगवण लागलेल्या मुलांना हेच जीवाणू द्यावेत, असं त्यांनी पुढे सुचवलं.

या विचाराला जगभर पोचवलं ते त्याच संस्थेतल्या इल्या मेचनिकोव्ह यांनी. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्याचं विष अंगात भिनतं आणि म्हातारपण लवकर येतं, अशी त्यांची धारणा होती. दूध आंबवणारे जीवाणू ही कुजण रोखतील म्हणून ते स्वतः रोज आंबवलेलं दूध घेत. १९०८चं नोबेल त्यांना रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळालं, दह्यासाठी नव्हे. पण एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द म्हटल्यावर युरोपात दह्याची लाट आली. १९१९मध्ये बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी डॅनोनचं दही विकायला काढलं, तेही औषधाच्या दुकानांतून.

पुढे या कथेला जे वळण लागलं, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. अमेरिकेत येल विद्यापीठात लिओ रेटगर यांनी तपासून पाहिलं, तेव्हा बल्गेरियाचा तो जीवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही असं दिसलं. मेचनिकोव्हांच्या मांडणीचा आधारच डळमळला. तरीही दही पोटाला मानवतं हा लोकांचा अनुभव खोटा नव्हता. ज्यांना दुधातली साखर पचत नाही, त्यांच्या पोटात दह्यातले जिवंत जीवाणू जाता जाता ती फोडायला मदत करतात. पाहुणा राहिला नाही, पण हातभार लावून गेला.

१९३०मध्ये क्योतोत मिनोरू शिरोता यांनी पोटातलं आम्ल आणि पित्त सोसून आतड्यापर्यंत जिवंत पोचणारा जीवाणूचा वाण निवडला. १९३५ साली त्यातून याकुल्ट हे पेय आलं. ‘प्रोबायोटिक’ हा शब्द त्यानंतरचा. १९६५मध्ये लिली आणि स्टिलवेल यांनी तो वापरला तेव्हा त्याचा अर्थ होता, एका सूक्ष्मजीवाने सोडलेला आणि दुसऱ्याची वाढ करणारा पदार्थ. म्हणजे अँटिबायोटिकच्या नेमकं उलट. २००१ साली संयुक्त राष्ट्रांची अन्न संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी आजची व्याख्या केली: पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव.

‘जिवंत’ आणि ‘पुरेशा’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. आपली कढी रुचकर खरी, पण उकळी आली की दह्यातले जीवाणू मरतात. ताजं ताक-दही रोज खावं, आवडीने खावं. पण त्यात कोणते जीवाणू किती आहेत हे घरोघरी बदलतं, म्हणून त्याला औषध समजू नये. अँटिबायोटिकमुळे लागणाऱ्या जुलाबांवर काही ठरावीक वाणांचा उपयोग दिसला आहे, सरसकट सगळ्यांचा नाही. आणि फार आजारी किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिकची कॅप्सूल घेऊ नये.

म्हणून पाकिटावर जीवाणूचं आडनाव, म्हणजे वाणाचं नाव, शोधावं. ‘जीजी’ या वाणाची अक्षरं गोर्बाक आणि गोल्डिन या दोन संशोधकांच्या आडनावांची. ‘बूलार्डी’ या यीस्टला आंरी बूलार यांचं नाव आहे, याकुल्टमधल्या वाणाला शिरोतांचं. ग्रिगोरोव्हच्या जीवाणूला मात्र नाव मिळालं ते त्याच्या देशाचं: बल्गेरिकस.