डोकं कुणाचं?

‘डोकं माझं, फुटलं तर माझंच फुटेल. तुम्हाला काय त्याचं?’ गाडीची किल्ली उचलून निघालेल्या माणसाचं हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. मुलगा म्हणाला की आई गप्प बसते, नवरा म्हणाला की बायको पुटपुटते. पण हे वाक्य काही आपल्या घरात जन्मलेलं नाही. ते इंग्लंडच्या पार्लमेंटात बोललं गेलं, अमेरिकेच्या कोर्टांत वकिलांनी मांडलं, त्याच्यापायी माणसं तुरुंगात गेली. हेल्मेटचा इतिहास वाचायला बसलं की कळतं, हा सगळा इतिहास त्या एका वाक्याला दिलेल्या उत्तरांचा आहे.

सुरुवात शर्यतींपासून झाली. लंडनजवळ ब्रुकलँड्स इथे मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती होत. तिथले डॉक्टर एरिक गार्डनर यांच्या लक्षात आलं, की पडलेल्या स्वारांचे हातपाय जुळून येतात, पण डोक्याला मार बसलेला माणूस हातचा जातो. त्यांनी कापडावर लाखेचे थर देऊन एक कडक टोपी बनवून घेतली. शर्यती भरवणाऱ्या संस्थेने आधी तिला नाकं मुरडली. मग १९१४ साली आयल ऑफ मॅन बेटावरच्या प्रसिद्ध टी.टी. शर्यतीत ती सक्तीची केली. त्या वर्षी बेटावरच्या डॉक्टरांकडे डोकं फुटलेले नेहमीचे रुग्ण आलेच नाहीत, असं सांगतात. लगेच पहिलं महायुद्ध सुरू झालं. शर्यतीतल्या माणसाला टोपी मिळाली, पण रस्त्यावरून रोज जाणाऱ्याचं डोकं उघडंच राहिलं. शर्यत धोक्याची, आपला रोजचा रस्ता मात्र ओळखीचा, ही समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे.

ती समजूत हलायला एक मोठं नाव मरावं लागलं. टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ज्यांना जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखतं ते. पहिल्या महायुद्धात वाळवंटात अरबांबरोबर लढलेला हा माणूस पुढे कीर्तीला कंटाळून नाव बदलून साधा सैनिक झाला. काही काळ कराचीतही नोकरीला होता. त्याला वेड होतं वेगाचं. ब्रॉ सुपिरियर ही त्या काळातली सर्वांत महागड्या मोटारसायकलींतली एक, तशा सात गाड्या त्याने एकामागून एक घेतल्या. १९३५ च्या फेब्रुवारीअखेर तो नोकरीतून निवृत्त झाला. १३ मे रोजी जवळच्या बोव्हिंग्टनच्या पोस्टात एक तार करून घरी परतत होता. रस्त्याच्या उताराला सायकलवरची दोन मुलं अचानक दिसली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी तो गेला. वय ४६. त्याची म्हातारी आई तेव्हा थोरल्या मुलाबरोबर चीनमध्ये होती. परतीच्या प्रवासात यांगत्से नदीवर असताना तिला ही बातमी कळली. दफनाला चर्चिल आले होते, आई नव्हती.

इतिहासाच्या पुस्तकांत लॉरेन्सचा मृत्यू इथे संपतो. आपली गोष्ट मात्र इथून पुढे चालते. त्याच्या उशाशी जे डॉक्टर होते त्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. केर्न्स मूळचे ऑस्ट्रेलियातले, लहान गावात वाढलेले. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली मेंदूची शस्त्रक्रिया शिकून आलेले. लॉरेन्सला ते वाचवू शकले नाहीत, पण हे मरण टाळता आलं असतं का, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा उत्तर शोधायला साधन मिळालं. सैन्यात निरोप पोचवणारे मोटारसायकलस्वार हजारोंनी होते. बाँबच्या भीतीने रात्री रस्त्यांवर अंधार. केर्न्सनी १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक रस्त्यावर मेले होते. हिशेब केला तर दिवसाला तीन-चार, आणि तेही शत्रूच्या गोळीने नव्हे. बहुतेकांचं कारण एकच, डोक्याचा मार. हेल्मेट घातलेले जखमी स्वार केर्न्सना अवघे सात सापडले आणि ते सातही जगले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने कामावरच्या प्रत्येक मोटारसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं केलं. पुढे १९४६ साली केर्न्सनी महिन्यागणिक मृत्यूंचे आकडे मांडले, तेव्हा त्या आदेशानंतर उतरत गेलेली रेघ कुणालाही दिसण्यासारखी होती.

हे काम जिथे चाललं ती जागा आपण बायकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. ऑक्सफर्डमधलं सेंट ह्यूज हे मुलींचं कॉलेज. मुलींनी दुसरीकडे जाऊन शिक्षण चालू ठेवलं आणि त्यांच्या कॉलेजात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांचं इस्पितळ उघडलं. युद्ध संपेपर्यंत तेरा हजारांच्या आसपास रुग्ण तिथून गेले. कोणी बोलायला विसरलेला, कोणी स्वतःचं नाव विसरलेला. त्यांना भरवणं, पुसणं, पुन्हा चालायला-बोलायला शिकवणं, यातलं किती काम नर्सेसच्या हातून झालं असेल ते निराळं सांगायला नको. लेखावर नाव डॉक्टरांचं येतं, रात्रपाळीवर कुणाचं येत नाही.

ऑक्सफर्डमध्येच होलबर्न नावाच्या पदार्थविज्ञान जाणणाऱ्याने जिलेटिनचा नकली मेंदू करून पाहिला. कवटी फुटली नाही तरी आतला मेंदू कसा दुखावतो, हे त्याला पाहायचं होतं. दह्याचं भांडं झटक्याने फिरवून पाहा. भांडं फिरतं, दही मागे राहतं आणि कडेला फाटतं. मेंदूचं तसंच होतं. म्हणून नुसती कडक टोपी पुरत नाही. पुढे १९५३ साली अमेरिकेत लोम्बार्ड आणि रॉथ यांनी हेल्मेटची नवी रचना नोंदवली. बाहेर कडक कवच आणि आत चिरडला जाणारा थर. आजच्या हेल्मेटच्या आत जो थर्माकोलसारखा भाग असतो, तो मऊ वाटावं म्हणून नसतो. धक्क्याच्या वेळी तो स्वतः चेपतो आणि डोक्याला थांबायला क्षणभर जास्त वेळ देतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये म्हणतात ते याचसाठी. वरून चकचकीत दिसलं तरी आतला थर आपलं काम करून संपलेला असतो.

शास्त्राचं एवढं झालं, कायद्याला मात्र वेळ लागला. केर्न्स १९५२ साली गेले. त्यांच्या जन्मभूमीत, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात, १९६१ मध्ये हेल्मेट सक्तीचं झालं. ब्रिटनमध्ये त्याला १९७३ साल उजाडलं, म्हणजे पहिल्या लेखानंतर ३२ वर्षं. पार्लमेंटात इनॉक पॉवेल यांच्यासारख्यांनी विरोध केला. माणसाला स्वतःचं नुकसान करून घ्यायचं स्वातंत्र्य असावं, सरकारने त्यात पडू नये, असं त्यांचं म्हणणं. शीख समाजाची हरकत वेगळी होती. पगडी ही त्यांची श्रद्धा, ती काढून हेल्मेट कसं घालायचं? याच पगडीत शीख सैनिक दोन महायुद्धं ब्रिटिशांसाठी लढले होते, हे त्यांनी आठवण करून दिलं. १९७६ साली त्यांना कायद्याने सूट मिळाली. आणि फ्रेड हिल नावाचे एक शिक्षक होते. स्वतः युद्धात निरोप्या मोटारसायकलस्वार म्हणून काम केलेले. त्यांना ना पगडीची अडचण होती ना श्रद्धेची. सक्ती मान्य नाही, एवढंच. ते टोपी घालून गाडी चालवत, दंड भरत नसत आणि पुन्हा पुन्हा तुरुंगात जात. १९८४ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, ते तुरुंगातच वारले. त्यांचं म्हणणं पटो न पटो, या माणसाला हट्टी म्हणून हसण्यावारी नेता येत नाही.

अमेरिकेत तर हेल्मेट म्हणजे स्वातंत्र्याचा झेंडाच झाला. १९६६ च्या कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं, हेल्मेटचा नियम करा, नाहीतर रस्त्यांचे पैसे कापू. १९७५ पर्यंत ४७ राज्यांनी नियम केला. मग मोटारसायकलवाल्यांनी संघटना बांधल्या, मोर्चे काढले. १९७६ मध्ये काँग्रेसने पैसे कापायची तरतूद काढून टाकली आणि पुढच्या काही वर्षांत राज्यांमागून राज्यांनी नियम मागे घेतले किंवा फक्त लहान मुलांपुरते ठेवले. जिथे नियम होता तिथे जवळजवळ सगळे हेल्मेट घालत. नियम गेला की निम्मेच घालू लागले. आजही इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत असा कायदाच नाही. न्यू हॅम्पशायरच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर राज्याचं ब्रीद लिहिलेलं असतं, ‘मुक्त जगा नाहीतर मरा’. अमेरिकेतल्या इस्पितळांत डॉक्टर मंडळी मोटरसायकलला आपसात ‘डोनर-सायकल’ म्हणतात, अवयवदाते आणून देणारी गाडी. ऐकायला विनोद आहे. पण त्या कागदावर सही कोण करतं? बहुतेक वेळा आई किंवा बायको.

त्या वाक्याला सर्वांत सरळ उत्तर मला सापडलं ते मॅसॅच्युसेट्सच्या एका खटल्यात. १९७२ साली एका स्वाराने कोर्टात म्हटलं, माझ्या डोक्याचं मी बघेन. न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं, की तू पडलास त्या क्षणापासून तुला रस्त्यावरून उचलतो समाज, इस्पितळात नेतो समाज, आणि तू कायमचा अपंग झालास तर तुला आणि तुझ्या कुटुंबाला सांभाळायची पाळीही समाजावरच येते. मग हे फक्त तुझं कसं? वरच्या कोर्टानेही हा निकाल कायम ठेवला. मला यात एकच भर घालावीशी वाटते. ‘समाज’ हा शब्द मोठा आहे. रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ घरातली एक बाई असा होतो. अंगावर पडलेल्या माणसाला दोन तासांनी कुशीवर वळवणारी, नळीतून पेज देणारी, नोकरी सोडणारी, आणि पाहुण्यांना ‘सुधारतायत हळूहळू’ असं सांगणारी.

कायद्याने लोक बदलत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी व्हिएतनामकडे पाहावं. तिथे घरटी दुचाकी. हेल्मेटला लोक कुचेष्टेने विजेचा भात शिजवायचा कुकर म्हणत. उकडतं, केस बिघडतात, दिसतं कसं, या तक्रारी आपल्यासारख्याच. १५ डिसेंबर २००७ पासून सक्ती आली आणि दिवसात रस्त्यांचं रूप पालटलं, दहातले नऊहून अधिक लोक हेल्मेट घालू लागले. पहिल्या महिन्यांतच डोक्याच्या दुखापती आणि मृत्यू घटल्याची नोंद इस्पितळांनी केली. पण एक फट राहिली. लहान मुलांच्या दंडाची तरतूद नव्हती, आणि हेल्मेटच्या वजनाने मुलांची मान दुखावते अशी अफवा पसरली. आईबाप हेल्मेट घालून पुढे, मधलं मूल उघड्या डोक्याने, असं चित्र दिसे. २०१० मध्ये नियम सुधारावा लागला.

हेल्मेट म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही खरं. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा काढला तर हेल्मेटने मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते. म्हणजे धोका उरतोच. पण घरातली कुठली बाई शंभरातले बेचाळीस वाचण्याची संधी सोडून देईल?

आपल्याकडे प्रमाद हा शब्द फार गंभीरपणे वापरतात. इजा करायचा हेतू नव्हता एवढ्याने माणूस सुटत नाही, बेसावध होता का हेही विचारलं जातं. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली पाहून चालायला शिकवणाऱ्या घरांत स्वतःच्या जिवाबद्दल इतकी बेफिकिरी कशी चालते, हा प्रश्न मला पडतो. स्वतःचा जीवही जीवच आहे.

‘सर सलामत तो पगडी पचास’ असं आपले वडीलधारे म्हणत आले. यातला सर एकट्याचा नसतो, एवढंच हा शंभर वर्षांचा इतिहास सांगतो. फ्रेड हिल यांचा प्रश्न खोटा नव्हता, पण तो विचारायला घरातून बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी परत यावा लागतो. पुढच्या वेळी ‘तुम्हाला काय त्याचं?’ असं कुणी म्हटलं, तर गप्प बसू नका आणि पुटपुटूही नका. काय त्याचं, ते नीट सांगा. आणि हो, मागच्या सीटवर बसताना आपल्या हनुवटीखालचा पट्टाही लावा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पहिल्याच धक्क्याला निघून जातं.