मुंबईच्या पाण्यांतील सुरुंग



विसाव्या शतकाच्या आरंभींच्या ब्रिटिश आरमाराचें नांव निघालें, कीं सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका उभी राहते. १९०६ सालीं पाण्यांत उतरलेल्या या एका नौकेनें तोंपर्यंतच्या साऱ्या युद्धनौका जुन्या ठरविल्या. बारा इंची दहा तोफा, टर्बाइन यंत्रें आणि ताशीं २१ सागरी मैलांचा वेग! जर्मनीनेंही लागलीच तशा नौका बांधावयास घेतल्या. या चढाओढीची कसोटी ३१ मे १९१६ रोजीं जटलंडच्या लढाईंत लागली. ब्रिटिशांच्या १४ व जर्मनांच्या ११ नौका बुडाल्या. दोन्ही बाजूंचीं मिळून आठ हजारांहून अधिक माणसें एका दिवसांत प्राणांस मुकलीं.

हा इतिहास आपण शाळेंत वाचतों. परंतु ज्या समुद्राकडे पाहत आपण गिरगांवच्या किंवा दादरच्या चौपाटीवर बसतों, त्या समुद्रांतही तें युद्ध येऊन गेलें होतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तें आलें एका साध्या मालवाहू आगबोटीच्या रूपानें. आज त्याच प्रकरणाविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां मुंबई हें हिंदुस्थानांतून बाहेर जाणाऱ्या सैन्याचें मुख्य बंदर बनलें. अलेक्झांड्रा गोदी, जिला पुढें इंदिरा गोदी हें नांव मिळालें, ती त्याच वर्षीं खुली झाली होती. १६ ऑक्टोबर १९१४ रोजीं इराणी आखाताकडे जाणारी पहिली तुकडी याच बंदरांतून निघाली. ‘स्विफ्टशुअर’सारख्या युद्धनौका सैन्याच्या बोटींना एडनच्या वाटेवर सोबत करीत. ही सोबत किती आवश्यक होती, तें ‘एमडन’नें दाखवून दिलें होतें. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्रीं या जर्मन क्रूझरनें मद्रासवर तोफा डागून तेथील तेलाच्या टाक्या पेटविल्या. पुढें ९ नोव्हेंबर रोजीं कोकोस बेटांपाशीं ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन नौकेनें तिला गांठून निकालांत काढलें. तेव्हां हिंदी महासागरांत आतां शत्रु उरला नाहीं, असें सर्वांस वाटूं लागलें.

दोन वर्षांनीं, ३० नोव्हेंबर १९१६ रोजीं, जर्मनीच्या कील बंदरांतून ‘वोल्फ’ नांवाची बोट निघाली. तिचा कप्तान कार्ल नेर्गर. ही मूळची व्यापारी आगबोट होती. ब्रेमेनच्या ज्या हान्सा कंपनीची ती होती, त्या कंपनीचा व्यापार मुख्यतः हिंदुस्थानाशींच चाले. तिच्या बाजूच्या फळ्या खालीं पाडल्या म्हणजे आड दडविलेल्या तोफा उघड्या पडत; एरवीं ती गरीब मालवाहू बोट दिसे. वेग म्हणाल तर ताशीं जेमतेम दहाअकरा मैल. तिच्या पोटांत चारशेंहून अधिक पाणसुरुंग होते, आणि वरून टेहळणी करण्यासाठीं पाण्यावर उतरणारें एक लहान विमानही होतें. ‘एमडन’ शहरांवर तोफा डागून आपला ठावठिकाणा जाहीर करी. ‘वोल्फ’ची सारी भिस्त आपलें अस्तित्व लपविण्यावर होती. १९१७ च्या जानेवारींत तिनें आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाजवळ सुरुंग पेरले, आणि फेब्रुवारींत आधीं कोलंबोजवळ व नंतर मुंबईच्या वाटेवर.

हा पाणसुरुंग कसा असतो, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. स्फोटक द्रव्यानें भरलेला हा एक पोकळ लोखंडी गोळा. तो पाण्याच्या पृष्ठभागाखालीं कांहीं हात तरंगत राहतो. तळाशीं एक जड वजन असतें व त्याला तो तारेच्या दोरानें जखडलेला असतो. गोळ्यावर शिंगें असतात. जहाजाचा धक्का लागून शिंग वाकलें, कीं त्याच्या आंतील कांचेची नळी फुटते, तींतील द्रवानें वीज निर्माण होते व स्फोट होतो. दोराची लांबी मर्यादित असल्यानें फार खोल समुद्रांत असा सुरुंग लावतां येत नाहीं. आपल्या कोंकण किनाऱ्यापुढील समुद्रतळ दूरवर उथळ आहे. म्हणून किनाऱ्यावरील दिव्यांच्या टप्प्यांत न येतां, पन्नास मैल बाहेरही, शत्रूला आपलें काम साधतां आलें.

सुरुंगाला घाई नसते. फेब्रुवारींत पेरलेलें हें पीक जूनमध्यें, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, कापणीस आलें. ११ जून १९१७ रोजीं ‘सिटी ऑफ एक्झेटर’ या बोटीला धक्का बसला. ती जखमी अवस्थेंत कशीबशी मुंबईस पोंचली. २३ जून रोजीं पी. अँड ओ. कंपनीच्या ‘मंगोलिया’चें नशीब तेवढें बलवत्तर नव्हतें. साडेनऊ हजार टनांची ही उतारूंची व टपालाची आगबोट मुंबईच्या दक्षिणेस सुमारें पन्नास मैलांवर सुरुंगावर आपटली आणि पाव तासाच्या आंत बुडाली. २३ माणसें दगावलीं. जेव्हां ‘वोल्फ’चा पेरलेला सुरुंग फुटत होता, तेव्हां स्वतः ‘वोल्फ’ हजारों मैल दूर, न्यूझीलंडच्या बाजूच्या समुद्रांत होती.

येथें एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ‘वोल्फ’नें पकडलेल्या एका बोटीवर सुरुंग चढवून ती एडनजवळ पाठविली होती. ५ मार्च १९१७ रोजीं ‘ओडिन’ या जुन्या ब्रिटिश नौकेनें तिला हटकलें, तेव्हां जर्मनांनीं ती बोट स्वतःच बुडविली. तिच्यावरील मूळच्या चिनी खलाशांकडून ‘वोल्फ’ची बातमी ब्रिटिशांस कळली. म्हणजे ‘मंगोलिया’ बुडण्याच्या तीन महिने आधीं अधिकाऱ्यांस अशी बोट फिरत असल्याचें ठाऊक होतें. लोकांस मात्र तें सांगण्यांत आलें नाहीं. शत्रूस आपलें ज्ञान कळूं नये, हें एक कारण युद्धकाळीं मान्य करतां येईल. पण मौनाची किंमतही असते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर जुलै १९१७ मध्यें ‘कंबरलँड’ ही बोट याच सुरुंगांनीं फुटली, तेव्हां संशय गोदीकामगारांवर गेला; कोणीं तरी मालांत बाँब ठेवला, असें बोललें गेलें. खरी बातमी दडली, कीं तिची जागा आळ घेतो, आणि तो बहुधा गरिबांवरच येतो.

‘वोल्फ’ ४५१ दिवस कोणत्याही बंदरास न लागतां, पकडलेल्या बोटींच्या कोळशावर चालून, २४ फेब्रुवारी १९१८ रोजीं कीलला सुखरूप परतली. ब्रिटिशांचें जगांतील सर्वांत बलाढ्य आरमार त्या वेळीं स्कॉटलंडच्या उत्तरेस जर्मन आरमारावर पहारा करीत उभें होतें. तो पहारा आवश्यकच होता. पण मुंबईच्या वाटेवरील सुरुंगाशीं बारा इंची तोफेला करण्यासारखें कांहीं नव्हतें. तेथें उपयोगीं पडतात त्या दोन लहान बोटी. त्या मध्यें तारेचा दोर ओढीत समांतर चालतात, सुरुंगाची तार कापतात आणि वर आलेला गोळा बंदुकीनें फोडतात. या कंटाळवाण्या व जिवावरच्या कामाचीं चित्रें कोणी भिंतीवर लावीत नाहीं.

आणि व्यापारी बोटी तरी चालवीत होतें कोण? पी. अँड ओ.सारख्या कंपन्यांच्या बोटींवर सारंग, टंडेल व खलाशी म्हणून रत्नागिरीकडील माणसें असत, आणि उतारूंची व्यवस्था पाहणारे पुष्कळसे गोमंतकीय असत. परळ-लालबागच्या गिरणींत आलेला कामगार आणि बोटीवर गेलेला खलाशी हे बहुधा एकाच जिल्ह्याचे असत. बोटीवरच्याला हातांत शस्त्र नसे, पण सुरुंग शिपाई आणि खलाशी असा भेद करीत नाहीं.

मस्जिद बंदराच्या बाजूस १९३१ सालीं उघडलेलें हिंदी खलाशांचें विश्रामगृह आहे. पहिल्या महायुद्धांत मेलेल्या आणि समुद्रावांचून दुसरी कबर न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचें स्मारक तेथें आहे. जटलंडच्या नौकांचीं नांवें आपल्या मुलांना पाठ असतात, तीं असूं द्यावींत. पण एखाद्या रविवारीं मुलांचा हात धरून या स्मारकापाशींही जावें. आपल्या दारापुढच्या समुद्राच्या वाटा ज्यांनीं प्राण देऊन खुल्या ठेवल्या, त्यांची ओळख आपल्या घरांत असावी, एवढेंच माझें सांगणें आहे.