सर्पगंधा ते फ्लुओक्सेटिन

मनाच्या आजारांवरची औषधं मेंदूत नेमकं काय करतात, याचा पत्ता लागला तो आपल्याच एका मुळीमुळे. सर्पगंधेची मुळी वैद्य पूर्वापार उन्मादावर देत आले. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरचा तिचा गुण नोंदवला. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष छापले आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं.

१९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की रिसर्पिन दिल्यावर मेंदूतलं सेरोटोनिन झपाट्याने घटतं. चेतापेशी सेरोटोनिनसारखी संदेशवाहक रसायनं, म्हणजे न्यूरोट्रान्समीटर, बारीक पिशव्यांत भरून ठेवते आणि संदेश आला की शेजारच्या पेशीकडे सोडते. रिसर्पिन ही भरणीच बंद पाडतं. पिशवीबाहेर राहिलेल्या रसायनाला पेशीतलं विकर (एन्झाइम) मोडून टाकतं; मग सोडायला काही उरतच नाही.

ब्रॉडींकडे काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन टोचलं. ससे कान पाडून निपचित बसले. एल-डोपा टोचताच थोड्या वेळात ते पुन्हा हिंडू लागले. एल-डोपापासून मेंदू डोपामिन हा आणखी एक न्यूरोट्रान्समीटर बनवतो. हालचाली मंदावणाऱ्या पार्किन्सनवरच्या उपचाराची वाट इथूनच निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

सोडलेल्या रसायनाचं पुढे काय होतं, याचं उत्तर ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी शोधलं. किरणोत्सारी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या अशाच रसायनाचा माग काढताना त्यांना आढळलं, की मज्जातंतू सोडलेला माल परत आत ओढून घेतात. कोकेन आणि नैराश्यावरचं इमिप्रामिन ही परतीची वाट अडवतात, त्यामुळे रसायन दोन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ रेंगाळतं. याच तत्त्वावर, फक्त सेरोटोनिनची परतवाट अडवणारं फ्लुओक्सेटिन घडवलं गेलं. अमेरिकेत त्याला १९८७ मध्ये मंजुरी मिळाली.

'सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य' हे समीकरण मात्र सिद्ध झालेलं नाही. परतवाट काही तासांत अडते, गुण यायला काही आठवडे लागतात; मधल्या काळात मेंदू स्वतःला नव्याने जुळवत असावा. म्हणून पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही तरी गोळी मनाने सोडू नये, डॉक्टरांशी बोलावं. आनंद काही गोळीत भरलेला नसतो. मेंदूच्याच रसायनांची ये-जा ती बदलते, आणि या बदलाला वेळ द्यावा लागतो.