नाव मागाहून, मोल त्याहून मागाहून

साहित्यातील वर्गनामे बहुधा लेखक देत नाहीत, मागून येणारे वाचक देतात. वस्तूंच्या इतिहासातही असे घडते, याचे एक बोलके उदाहरण म्हणून आम्ही येथे 'कार्निव्हल काच' घेत आहोत.

१८९०च्या दशकात न्यूयॉर्कच्या टिफनीने इंद्रधनुषी झळाळीची, फुंकून घडवलेली काच धनिकांच्या दिवाणखान्यांत नेली. फेंटन कंपनीने १९०७ साली वेस्ट व्हर्जिनियातील विल्यम्सटाउन येथे कारखाना सुरू केला आणि लवकरच तशी झळाळी सामान्यांच्या घरात आणली. साच्यात दाबून काढलेल्या तप्त भांड्यावर धातूंच्या क्षारांचे द्रावण फवारले, की तेलाच्या तवंगासारखे रंग त्यावर उमटत. नॉर्थवूड, इम्पीरियल, मिलर्सबर्ग यांनीही हीच वाट धरली.

मात्र यांपैकी कोणी आपल्या मालाला 'कार्निव्हल' म्हटले नव्हते. जत्रेतील खेळांत ही भांडी बक्षीस म्हणून मिळत, या समजुतीतून ते नाव पुढे संग्राहकांत रूढ झाले. नक्ष्यांचेही तसेच. १९६०पासून मॅरियन हार्टुंग यांच्या पुस्तिका निघू लागल्या. संग्राहकांनी ठेवलेली अनेक नावे आज प्रमाण मानली जातात.

मोल ठरवताना जाणकार भांडे उलटे करून त्याचा तळ उजेडासमोर धरतो. झळाळी वरची असते, काचेचा खरा रंग तिथे कळतो. नारिंगी 'मॅरिगोल्ड'च्या तळाशी बहुधा बिनरंगी काच निघते. ही भांडी मुबलक आहेत. लाल काच दुर्मीळ. मग झळाळीचा दर्जा, टवके आणि तडे पाहिले जातात. फेंटनने १९७०पासून नव्या कार्निव्हल भांड्यांवर आपली खूण उमटवली, त्यामुळे जुने-नवे ओळखणे सोपे झाले.

आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. एकाच साच्यातून निघालेल्या तप्त काचेचा काठ कारागीर चुण्या घालून वळवी, तेव्हा वाडगा होई. ती पसरून सपाट करी, तेव्हा तबक. तबके कमी निघाली, म्हणून आज सहसा तीच अधिक महाग. हा फरक घडवणाऱ्या हातांची नावे भांड्यांवर नाहीत. संग्राहकांच्या सूचीत नक्षीला नाव आहे, कारखान्याला आहे, रंगालाही आहे. साहित्याच्या सूचीही आपण याच नजरेने एकदा पुन्हा वाचाव्यात, असे आम्हांला वाटते.